तीन अंश

हामरफेस्टला हिवाळ्यात दुपारी दोनलाच दिवे लावावे लागतात.
मी बादलीत बर्फ ओतते, थर्मामीटर बुडवते,
तीन अंशांची वाट बघते.
ओड्वार समोर बसलाय. उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा.
डावा माझ्या हवाली.

कागदावर लिहिलंय : सौम्य ताण.
म्हणजे हा हात, हे पाणी, माझं घड्याळ,
आणि मी हसायचं नाही.

काल बादलीशिवाय पंधरा शब्द वाचले होते.
किल्ली, शिडी, बटाटा, पोस्टमन, घंटा…
त्याला चार आठवले.
त्यातला एक मी उच्चारलाच नव्हता : कॉड.

आज हात पाण्यात गेला तेव्हा तो दचकला नाही.
त्रेचाळीस वर्षं याच गारठ्यात जाळी ओढलेली.
पण मानेवरची शीर उडायला लागली,
आणि महिनाभर खिडकीबाहेर तरंगणारी नजर
माझ्या तोंडावर येऊन थांबली.
नऊ शब्द.
नऊ! मी हसले. नियम मोडला.

शुक्रवारी मुलगी आली, ट्रॉम्सोहून, बोटीनं.
कोट न काढताच म्हणाली,
बाबा, माझं नाव काय? सांगा ना.
मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं.
तो तिच्या कोटाच्या बटणांकडे बघत राहिला.
त्या दिवशी किल्ली गेली, बटाटा गेला,
चमचा कुठल्या बाजूनं धरायचा तेही गेलं.
या ताणाला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

कॉरिडॉरमध्ये मी तिला कॉफी दिली.
ती म्हणाली, वाटलं जोर लावला तर उघडेल,
फुगलेल्या खिडकीसारखं.

सोमवारी मी दोरीचा तुकडा नेला.
त्यानं एक टोक माझ्या मुठीत दिलं, दुसरं दातांत धरलं,
डाव्या हातानं गाठ मारायला घेतली.
सैल पडली.
ओढ, अशी खूण केली.
मी ओढली. कपाळाला आठ्या.
थोडी सोडली. अजून आठ्या.
थोडी पुन्हा ओढली.
हं, म्हणाला,
आणि मी तशीच धरून बसले,
मनगट दुखेपर्यंत.

गाठ बसल्यावर दातांतली दोरी सोडून
त्यानं बादलीकडे बोट केलं.
"सि…"
सिग्ने असेल. मुलीचं नाव सिग्ने आहे.
किंवा सिल्ड. हेरिंग माशाला आम्ही सिल्ड म्हणतो.
मी काहीच टिपून घेतलं नाही.
टॉवेल दिला फक्त,
हात अजून कोरडाच होता तरी.