वीस फेऱ्या

इंदूर किती लांब, बाबांनी विचारलं
दिवाडीच्या धक्क्यावर.
मी मोबाइलवर बघून सांगितलं:
आठशे चाळीस किलोमीटर,
विमानाने एक तास चाळीस मिनिटं.

किलोमीटर त्यांनी सोडून दिले.
बत्तीस वर्षं फेरीबोटीची फळी
वर-खाली केलेला माणूस,
मिनिटं तेवढी धरली:
आपली बोट पाच मिनिटांत पलीकडे.
म्हणजे वीस फेऱ्या.
सकाळच्या पाळीतच होतात की.

मग सुलक्षा का येत नाही?

मी दाबोळीपर्यंतचा रस्ता सांगितला,
तिकिटांचे भाव, मुलांच्या परीक्षा.
चवथीला, पानावरून ती उठली
ते वाक्य मी हिशेबात धरलं नाही.
त्यांनीही नाही.

बोट लागली. दोन स्कूटर उतरल्या,
सायकलवर पोदेर, भोंपू वाजवत.
बाबा सवयीने दोराकडे सरकले,
मग हात मागे घेतला.

वाटेत पाणी लागतं?
नर्मदा लागते, म्हटलं.
इंदूरच्या जरा अलीकडे.
वरून सुतळीएवढी दिसते.

तिथे बोट असेल?

असेल.

एवढ्यात फळी वर गेली,
इंजिन घरघरलं.
आम्ही चढलोच नव्हतो.