नमुना

वीसचं सूत जाड, चाळीसचं बारीक.
काउंट वाढला की धागा नाजूक होतो,
हे मी अशोक चौकातल्या कारखान्यात शिकलो,
पंधराचा होतो, कांड्या भरायचो.
आता डॉक्टर मैंदर्गी काउंट म्हणतात
तेव्हा मला अजून आधी सूतच दिसतं.
पांढऱ्या पेशी अठ्ठ्याण्णव हजार.
एवढा काउंट कुठला माग घेईल?

डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढलीय.
आई असती तर म्हणाली असती, हिवताप.
पहिली गोळी आठ वर्षं चालली, मग थकली.
दुसरी दोन वर्षं.
आता जी आहे तिला अजून नाव नाही,
दोन अक्षरं, चार आकडे,
टेम्पोच्या नंबर प्लेटसारखे.

बावीस पानांचं संमतीपत्र.
आम्ही घरी तेलुगू, बाजारात मराठी,
भांडण पेटलं की कानडी.
प्रणिता सिस्टरला विचारलं, हे कुठल्या भाषेत आहे?
मराठीतच, काका.
नवव्या पानावर एक ओळ होती:
‘सहभागी व्यक्तीस थेट लाभ होईलच असे नाही.’
तीनदा वाचली. म्हटलं,
ही एक ओळ मात्र साफ विणलीय.

पहिल्या तिघांना थोडी दिली, महिनाभर थांबले.
पुढच्या तिघांना दुप्पट.
आम्ही तिसरे तिघे.
औषध गुण देतं का, ते सावकाश बघायचं.
आधी बघायचं, माणूस कितीला तुटतो.

मला राग नाही आला.
नवं सूत आलं की आम्हीही तेच करायचो,
ताण वाढवत न्यायचा, कान मागाकडं,
धागे तुटायला लागले
की चक्राचा एक दात मागे.

मी, बार्शीचे जैनोद्दीन तांबोळी,
मंगळवेढ्याच्या मालनबाई.
सकाळी सहाला उपाशी, तासातासाला एक नळी रक्त.
मालनबाई म्हणायच्या, एवढं घेताय, हिशेब ठेवताय ना?
जैनोद्दीननी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली,
चार तास हात लावायचा नाही.
डबा मांडीवर घेऊन ते बसून राहायचे,
झाकण उघडून वास घ्यायचे, बंद करायचे.

अकराव्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी.
कागदावर त्यांच्या काळजाची रेघ वाकडी आली होती.
मग आणखी तिघे बोलावले,
त्यातल्या एकीचीही तशीच.
सगळ्यांना एक दात मागे घेतलं.

जैनोद्दीनचा फोन आला. काय बे इराबत्ती,
मी तुटलो म्हणून तुम्ही वाचलात, चहा पाजा.
आवाज दमलेला होता.
पाजतो म्हटलं. पुढं दोघांनाही सुचेना.

नव्या डिझाइनचा पहिला टॉवेल कधी विकत नाहीत.
कडा सरकलेली, फूल उलटं, लाल रंग पांढऱ्यात उतरलेला.
तो जॉबरच्या घरी येतो.
चाळीस वर्षं आम्ही अशांनाच तोंड पुसलं,
पोरीला न्हाऊ घातलं, पाहुण्यांपुढं ठेवताना
उलटं फूल आत दुमडलं.
सत्यवतीला म्हटलं, आता माझाच नमुना काढतायत.
ती भाजी निवडत होती.
तुम्ही आधीपासूनच नमुना, म्हणाली,
आणि मग बराच वेळ तीच एक काडी निवडत राहिली.

रोज वही भरायची असते.
गोळी घेतली: सात चाळीस.
त्रास: इथं थांबतो.
काल रात्री वीज गेली, गल्लीतले माग बंद,
त्या शांततेत डोळ्याला डोळा लागला नाही.
तेच लिहिलं.
प्रणिता सिस्टरनं विचारलं, काका, हे औषधामुळं का?
म्हटलं, नाही. सोलापूरमुळं.
तिनं तेही लिहून घेतलं.