तोलणार

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात सव्वीस वर्षं
माझं काम एकच: काट्यावरचा आकडा
मोठ्यानं ओरडून सांगायचा.
बावन्न सातशे. एकावन्न नऊशे.
माझ्या आवाजावर पावती फाटायची.

मग आवाज बदलला.
हमाल म्हणाले, तोंडात गरम बटाटा धरून बोलताय काय?
आम्ही हसलो. माल आपलाच होता.

डावा टॉन्सिल सुजलेला, जबड्याखाली गाठ.
दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितली नाही.
कोपरखैरण्यात तीन दवाखाने झाले,
मग खारघर.

सुईनं काढलेलं पुरलं नाही, तुकडा काढला.
लिम्फोमा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हा तंबाखूवाला नव्हे, स्वतःला शिव्या देऊ नका.
खिशातल्या पुडीवर हात ठेवून
मी मान डोलावली.

एकवीस दिवसांनी एक सलाईन, अशी सहा.
लाल औषध चढलं की लघवी लाल,
इंदू दाराबाहेरून विचारायची, रक्त नाही ना?
पाच दिवस गोळ्या, त्या पाची रात्री
तीन वाजता भाकरी मागायचो
आणि खिडकीतून मार्केटकडे जाणारे ट्रक मोजायचो.
दुसऱ्या सलाईननंतर गाठ बोटांना सापडेना.
किल्ली हरवल्यासारखा गळा चाचपत बसलो.

शेजारच्या खुर्चीत उलव्याचे हसुराम घरत.
तीच गाठ, तेच लाल औषध.
"तुजी डावी, माजी उजवी,
दोगं मिलून एकूच मानूस आजारी."

किती टक्के, मी विचारलं.
शंभरातले साठ-पासष्ट, बाई म्हणाल्या,
पण ते शंभर जणांचं, तुमचं नव्हे.
हे मला कळतं.
एका लॉटच्या शंभर गोण्या,
वजन सारखं, शिवण सारखी,
आतून बसलेली कुठली
ते शिवण उसवल्याशिवाय कोण सांगणार?

स्कॅनमध्ये माझं सगळं विझलेलं निघालं.
हसुरामचं मानेतून छातीत पेटलं होतं.
त्यांना दुसरं औषध लागलं.
दिवाळीनंतर फोन त्यांच्या मुलानं उचलला.

आता तीन महिन्यांनी जातो.
बाई दोन्ही हातांनी मान चाचपतात,
नजर भिंतीवर,
जसा आम्ही न बघता बटाटा दाबतो.
तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.

काट्यावर परत उभा आहे. आवाज आला,
जरा खरखरीत.
काल एक गोणी बरोब्बर पन्नास भरली,
ना वर, ना खाली.
बघतच राहिलो.
हमाल म्हणाला, बोला की हो,
मागं गाडी उभीय.