रकाना

सोसायटीच्या मागल्या खोलीत, खताच्या गोणींना टेकून
आमची निवड समिती बसते: मी, बस्त्यांव मास्तर,
आणि हिशेबापुरता आणलेला मेस्त्र्यांचा विजू,
ज्याला फुटबॉल कळत नाही, बेरीज कळते.
यादीत अकरा रकाने. दहा भरलेले.
लेफ्ट बॅक नाही.
शिरोड्याचा होता तो बोटीवर गेला,
दोन्ही चांगले गुडघे घेऊन.

मास्तर म्हणतात, कॉलेजातला लौकिक गिरप घ्या.
अहो, तो फॉरवर्ड.
म्हणून तर.
घर कसं फोडतात ते ज्याला ठाऊक,
त्यालाच राखणीला बसवावा.
विजू हसतो.
मी चहावरची साय बोटाने बाजूला करतो.

पाहिलाय मी त्याला कॅम्पाच्या मैदानावर.
डाव्या पायात जरा उशीर आहे त्याच्या,
अर्ध्या श्वासाचा,
आणि तेवढ्यात समोरचा बॅक चुकीच्या बाजूला
पडून मोकळा झालेला असतो.
हा उशीर मागे नेऊन ठेवला तर?
तिथे त्याला उशीरच म्हणतील.

कलमांचं आम्हाला कोणी शिकवायला नको.
अर्धा तालुका काजूच्या कलमांवर जेवतो.
खुंट गावठी, काडी बागेतली, वर प्लास्टिकची पट्टी,
मग वाट बघायची. लागलं तर लागलं.
न लागलेल्यांचं रजिस्टर कोणी ठेवत नाही.
पिशवीतली माती दुसऱ्या पिशवीत जाते.

शहाऐंशी साली मी डाव्या बगलेचा.
उंच म्हणून एका शनिवारी गोलात उभा केला.
फक्त एवढ्या मॅचपुरता, म्हणाले.
तेरा वर्षं चालली ती मॅच.
वाईट नव्हतो. कप आहेत घरात,
मोठ्यात बायको लसूण ठेवते.
पण बॉल पलीकडच्या अर्ध्यात असला
की माझे पाय चुन्याच्या रेषेमागे
जागच्या जागी धावायला लागायचे.
लोकांना वाटायचं, गोलकीपरला थंडी वाजते.

हे मास्तरांपाशी बोललो नाही.
उभा त्यांनीच केला होता.

पहाटे उभादांड्याला गेलो. रापण ओढत होते.
लौकिक डाव्या दोरीवर, टाचा वाळूत रुतवून.
मध्येच उजवीकडची माणसं ढिली पडली,
जाळं तिरकं होऊ लागलं,
आणि कोणी हाक मारायच्या आत
हा पाण्याच्या कडेने पळत
पलीकडच्या दोरीला जाऊन लागलासुद्धा.
मला वाटलं, चला, मिटलं.

मासळी फार नव्हती. तारली, थोडे बांगडे,
एक कुर्ली, जिच्याशी कोणाला भांडायचं नव्हतं.
त्याला बाजूला घेतलं. विचारलं.
दोरीकडे बोट केलं.
त्याने ओले हात चड्डीला पुसले.
"मागे खेळतलंय मी, काका. खेळाक काय?
पण त्या दोरयेचा म्हणश्यात,
तर थंय माका कोणी धाडूक नाय.
माका दिसला, मी गेलंय."

मग कुर्ली उचलून त्याने पाण्यात फेकली.

सोसायटीत यादी अजून खिळ्याला आहे.
नाव मी शाईने लिहिलंय.
पुढच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली,
एक ठिपका उमटला, तो तसाच आहे.
खाली मास्तरांची सही आधीच झालेली,
शाळेत प्रगतिपुस्तकावर करायचे तशी, लफ्फेदार.
विजू म्हणतो, रकाना रिकामा राहिला
तर फॉर्म जिल्ह्याहून परत येतो.

येऊ दे परत.
मध्ये एक रविवार आहे.
मैदानाच्या डाव्या अंगाला, जिथून सगळं दिसतं,
मास्तरांना शेजारी बसवून
शहाऐंशीचं विचारायचंय.