पाचवा चौकोन

कोंडा सरांनी मला पाठवलं, कारण माझा गुडघा
अजून महिनाभर धावणार नाही
आणि डोळे तसेही रिकामेच आहेत.
"शनिवारी त्यांच्याशी गाठ. नीट बघून ये.
संरक्षण वेगळं लिही, आक्रमण वेगळं."
शंभर पानी वही, निम्मी अकाउंटन्सीची.

विजापूर रोडला त्यांचं मैदान. सकाळचे साडेसहा.
कंपाउंडच्या भिंतीवर मी, मांडीवर वही,
खिशात कडक भाकरीचे तुकडे,
त्यांच्यावर डोळा ठेवून खाली एक कुत्रं.

संरक्षण.
पहिल्या तुकडीत हत्तुरे, शेख
आणि एक उंच पोरगी, नाव कळलं नाही.
हत्तुरे साखळी खेळते. दोन चौकोन सोडून वळते,
पुन्हा दोन सोडून वळते,
पाय मोजत नाहीत, त्यांना पाठ आहे.
शेख खांबाजवळ रेंगाळते, जणू तिची बस यायचीय,
आणि मारणारीनं सूर टाकला की
तव्यावरून बोट काढावं तसं
अख्खं अंग काढून घेते.
हिला कोण मारणार आमच्यातलं? मी मारलं असतं.
(हे वहीत नाही.)
उंच पोरगी दमते. चौथ्या मिनिटाला हात कमरेवर.
हे मात्र लिहिलं, खाली दोन रेघा मारून.

आक्रमण.
आठजणी बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे,
मागावरच्या ताण्यासारख्या, एक धागा वर, एक खाली.
नाना जेकार्डची कार्डं टोचतात.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं पडून राहतो,
आणि चादरीवर मोर येतो तो या भोकांमुळे.
मी पण भोकच शोधत होते.

पहिल्या चौकोनातली उठते ती गोळीसारखी.
तिसरी लबाड, खांद्यानं हूल देते एकीकडे, पळते दुसरीकडे.
सातवी, आठवी ठीक.
पाचवीपाशी माझं पेन अडलं.
उजवीकडून खो आला तर आवाज संपायच्या आत ती उभी.
डावीकडून आला तर
पाठीवर हात पडेपर्यंत बसलेली.
अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा तसंच.

मग त्यांच्या मॅडम काही सांगायला लागल्या
आणि पाचवीनं मान जरा वळवली,
उजवा कान पुढे केला.

ही मान मला माहीत आहे.
वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेली आई
हाक मारली की अशीच वळते.
आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही, तरी
सगळे तिच्या उजव्या बाजूनंच बोलतात.

पाण्याच्या सुट्टीत ती थेट भिंतीपाशी आली.
"काय लिहिलालीस गं?"
मी वही मिटली. तिला माझा पट्टा दिसला.
"लिगामेंट? माझ्या बहिणीचं बी गेलतं.
बर्फ लाव. तेल चोळू नको, कोण बी सांगू दे."
बाटली पुढे केली. मी भिंतीवरून सरकत
तिच्या उजव्या हाताला आले आणि म्हणाले, थँक्यू.
सरकले हे मला नंतर कळलं.
तिला तेव्हाच कळलं असावं.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
जरुरीपेक्षा थोडं जास्त,
मग बाटलीचं झाकण लावून निघून गेली.

संध्याकाळी सर वही वाचत होते.
हत्तुरे, शेख, उंच पोरगी, बरोबर, बरोबर.
"पाचवा चौकोन. डावीकडून खो आला की अर्धा ठोका उशीर.
कारण," आणि पुढे कोरं.
"कारण काय?"
"नाही कळलं, सर."
"असू दे. उशीर आहे ना, तेवढं पुरे."
त्यांनी लाल पेननं त्या ओळीभोवती गोल केला.

रात्री आईच्या उजव्या बाजूला जेवायला बसले.
आमटी वाढताना तिनं विचारलं, काय काय बघितलंस?
मी म्हणाले, एक उंच पोरगी आहे.
दमते लवकर.