पासंग

गणपती पेठेत आमचं वजनकाट्यांचं दुकान.
दुरुस्ती, विक्री, वर्षाचा शिक्का मारून आणणं.
आत भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर,
एक मातकट रेघ. एकोणीस सालच्या पाण्याची.
दोनदा रंग दिला, तरी येते वर.

कर्ज त्या रेघेचं.
ठेव माझी. शाळेत प्रयोगशाळा सहायक,
चोवीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या,
त्याच्या चार पावत्या.

कर्ज बाकी तीन बासष्ट.
ठेव तीन ऐंशी.
म्हणजे सगळं देऊन वर अठरा हजार,
पासंगालाही न पुरणारे.

लोखंडे साहेबांनी कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवला.
"कर्जाला सव्वाअकरा, ठेवीला सात.
वहिनी, हे तर तुमच्या शाळेतली पोरं सांगतील.
मोडा, भरा, मोकळे व्हा.
वर्षाला चौदा-पंधरा हजार तुम्ही नुसते..."
आणि हातानं पाखरू उडवल्यासारखं केलं.

मोकळे.
हा शब्द मी विश्रामबागेपासून घरापर्यंत
भडंगाच्या पुड्याशेजारी पिशवीतून आणला.

यांना तर पटलेलंच होतं.
"रिकामा काटा शून्यावर यायला पाहिजे," म्हणाले,
"नाहीतर पुढचं सगळं माप खोटं."
मी विचारलं, शून्यावर येतो तेव्हा
पारड्यात काय असतं?
यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
आमटीत बुडवला,
आणि बराच वेळ तिथंच धरला.

सासरे जन्मात एकदाच उसनं मागायला गेलेले:
बस्तीतली शिडी.
परत केली ती धुऊन.
त्यांचा हा मुलगा.
हप्ता पाच तारखेला कापला जातो;
चार तारखेच्या रात्री हे कूस बदलत राहतात,
पलंगाची एक फळी वाजते.
ती फळी पंधरा हजारांत धरलेली नाही.

आणि मी?
ऑगस्टात मी उठल्या उठल्या
आधी आयर्विनचे फूट बघते, मग दूध तापवते.
कोयनेतून किती सोडलं ते
मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ.
तेही धरलेलं नाही.

रविवारी एका गूळवाल्याचा जुना काटा आला.
एका पारड्याखाली सुतळीनं बांधलेला दगड, सुपारीएवढा.
"दांडीच तिरकी आहे," हे म्हणाले,
"म्हणून पासंग. सोडला तर माप चुकतं,
ठेवला तर शिक्का मिळत नाही."
मग गूळवाल्यानं काय करावं?
"नवा काटा घ्यावा."
आणि ज्याला दांडी बदलता येत नाही त्यानं?
यावर हे तेलाची बाटली शोधायला लागले.

त्या रात्री मी ती वही काढली.
पानं फुगलेली, शाई पसरलेली, पण आकडे वाचता येतात.
टेम्पो, दोन खेपा. मिरजेत खोली, वर अनामत.
सासूबाईंच्या गोळ्या. गाळ उपसायला चार माणसं, नऊ दिवस.
फिनेल, फिनेल, परत फिनेल.
बेरीज: एक लाख चार हजार सहाशे.
त्या चाळीस दिवसांत कर्ज कुणी दिलं असतं?
बँकेतच कमरेएवढं पाणी होतं.

सकाळी यांच्या पुढ्यात वही ठेवली.
दोन पंचाहत्तर भरू, म्हटलं. एक पाच राहू दे.
"हे कुठलं गणित?"
पाण्याचं.

व्याज मांडतील असं वाटलं.
मांडलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
एकेक ओळ बोटानं वाचत गेले,
फिनेलपाशी थांबले, टेम्पोपाशी परत आले,
कानावरची पेन्सिल काढली
आणि म्हणाले,
"हे एकोणीसचे भाव आहेत.
आता वाढलेत."