जेमिमाच्या गोळ्या

येल बेटाच्या फेरीबोटीत मी गाडीतून उतरलेच नाही.
मांडीवर गिब्बीची फाइल. वर्ष एक्याऐंशी,
गेल्या हिवाळ्यात दोनदा लरविकच्या इस्पितळात,
दोन्ही वेळा मूत्रपिंडं.
कारणापुढे कुणीतरी लिहिलंय: वय.
वय लिहिलं की पुढे कुणी विचारत नाही.

त्याने बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला.
रक्तदाबाची. ठीक.
अंगातलं पाणी काढणारी. ठीक.
हृदयाची अर्धी, मासे सोलायच्या सुरीने कापलेली,
कडेला पीठ झालेलं.
"एवढंच?"
"एवढंच, ओस्ला."

शेगडीत पीट धुमसत होतं. कुत्रा माझे बूट हुंगत होता.
मी चहा घेतला. दुसराही घेतला.
पहिल्या कपावर माणसं खरं सांगत नाहीत,
हे फार्मसीच्या कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

मग तो गुडघा धरून उठला
आणि घड्याळामागून एक डबी काढली.
"ही माझी नाही. तिची."

जेमिमा आयबिस्टर. जेवणानंतर एक, दिवसातून दोनदा.
संधिवातासाठी, तिच्या वाकड्या बोटांसाठी.
ती गेल्यावर कपाटात अशा सहा निघाल्या.
"ही शेवटची. गुडघा फार बोलायला लागला की घेतो.
चांगल्या गोळ्या आहेत. टाकवत नाहीत."

मी सांगितलं, तुझ्या दोन आणि ही तिसरी,
तिघी मिळून मूत्रपिंडावर बसतात.
त्यात उलट्या-जुलाब झाले तर विचारायलाच नको,
तेव्हा आधी मला फोन, मग डबा.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
"म्हणजे तिघंही एकाच कडेला उभे," तो म्हणाला,
"आणि वर लाट."
हो. तसंच.

डबी मी पिशवीत टाकायला घेतली.
त्याचा हात तिच्यामागून आला,
टेबलाच्या काठापर्यंत, आणि थांबला.

मी किटली पुन्हा चढवली.
लेबल वाफेवर धरलं. कोपरा सुटला,
मग "जे", मग बाकीचं नाव,
कुठेही न फाटता.
ओलं, चिकट, त्याच्या तळहातावर ठेवलं.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मार्चमध्ये रक्ताचा आकडा उतरला.
लरविकच्या त्या खाटेवर कोण आहे, मला ठाऊक नाही.

एप्रिलात फोन आला, शिव्यांनीच सुरू झाला:
गुडघ्याच्या तुझ्या मलमाला कसला वास येतो,
कुत्रा आठ दिवस जवळ आलेला नाही.